गोल की फुली

४ जून, मंगळवार

गाडी चालवायची परीक्षा पास झालो. चौसष्टाव्या वर्षी. माझ्या वर्गातली बाकीची मुलं अठरा-एकोणीसची. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि "आजोबा, भारी!" म्हणाली. शिकवणारे मास्तर मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "किरिहारा-सान, एवढं एक लक्षात ठेवा, ब्रेक दाबताना डोळे मिटायचे नसतात."

आता उरली फक्त शेवटची लेखी परीक्षा. ती समुद्राकडच्या परवाना केंद्रात जाऊन द्यायची. एकेक वाक्य देतात, बरोबर असेल तर गोल करायचा, चूक असेल तर फुली मारायची. शंभरपैकी नव्वद मिळाले की लायसन्स. ज्या पुजाऱ्याने जन्मभर बुद्धाची सूत्रं पाठ केली, त्याला हा डाव्या हातचा मळ.

ही वही आजपासून लिहायला घेतली, कारण घरात बोलायला कोणी नाही. माझी बायको मिसाओ जानेवारीत आमच्या देवळातली फुलं बदलता बदलता कोसळली. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पाऊल आता काठीच्या आधाराने पडतं, पण तोंडातून शब्द येत नाही. घाटापलीकडच्या शहरात हॉस्पिटलात आहे. जुलैअखेर तिला सोडणार, पण पुढेही आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी तिथे न्यावं लागणार. आणि आमच्या दरीत येणारी बस मार्चपासून बंद आहे.

माहोने फोनवर स्पष्टच सांगितलं, "बाबा, जुलै संपायच्या आत तुमच्या हातात लायसन्स असेल तर आई घरी येईल. नसेल तर मी तिला ओसाकाला घेऊन येते. माझ्या घराजवळ एक चांगला वृद्धाश्रम बघून ठेवलाय."

मुलीचं काही चुकत नाही. अंत्यविधी असो, वर्षश्राद्ध असो, ऑगस्टात पितरांच्या दिवसांत घरोघर जाऊन सूत्रं म्हणायची असोत, मला सगळीकडे मिसाओच नेत आली. मी स्टिअरिंगला कधी हातही लावला नव्हता. रागवायचं तर कोणावर रागवू?

७ जून, शुक्रवार

उशिओच्या गाडीतून हॉस्पिटलात जाऊन आलो. उशिओ म्हणजे आमच्या खालच्या वळणावरचा टोफूवाला. सकाळीच दारात हजर. "गुरुजी, शहरात एका हॉटेलात टोफू पोचवायचाय, चला, जाता जाता सोडतो." माझं नशीब थोर, त्याचं काम आणि माझी भेट दर वेळी एकाच दिवशी येतात. तो हॉटेलवाला मात्र लहरी असावा. परत येताना टोफूचा डबा भरलेलाच असतो.

अभ्यास मिसाओबरोबर करायचा असं ठरवलं आहे. मी वाक्य वाचायचं, तिने उत्तर द्यायचं. इतकी वर्षं घाटात गाडी चालवलेली बाई, तिच्याहून चांगला मास्तर कुठला? मान हलवताना तिचं हो आणि नाही उलटसुलट होतं, म्हणून बोलणं शिकवणाऱ्या नोत्सुबाईंनी दोन पाट्या दिल्या आहेत. एकीवर गोल, एकीवर फुली. तिने हव्या त्या पाटीवर बोट ठेवायचं. मी त्या पाट्या कपाटात टाकल्या. ती काय बालवाडीत आहे? आपल्याकडे शेंबडं पोरही हातानेच गोल आणि फुली करतं. आपणही तसंच करू, म्हटलं.

छान जमलं. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट जुळवून ती झकास गोल करते. पांढरी काठी घेतलेला माणूस रस्ता ओलांडत असेल तर थांबावे. गोल. चालणाऱ्यांवर चिखल उडणार नाही अशा बेताने जावे. गोल. मग मी वाचलं, ओळखीचे माणूस दिसल्यास नमस्कार म्हणून हॉर्न वाजवता येतो. तिने गोल केला नाही. डावी तर्जनी सरळ वर केली आणि माझ्याकडे रोखून बघत राहिली.

क्षणभर मला कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्या पंथात जुने गुरू असंच एक बोट वर करून उत्तर देत. एक म्हणजे पूर्ण, आता शंका नको. म्हणजे हा गोलाच्याही वरचा गोल झाला! आणि खरंच आहे, हॉर्न वाजवल्याशिवाय मिसाओ कधी कोणाच्या घरावरून गेलेली नाही. "कळलं, कळलं," म्हणत मी पुस्तकात पेन्सिलीने ठळक गोल काढला. तिने बोट आणखीच ताठ केलं.

बोलता येत नसतानाही माझी बायको मला अजून काहीतरी शिकवते आहे. गाडीत उशिओला हे सांगितलं, तर त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

९ जून, रविवार

माहो ओसाकाहून आली होती. आईचे केस विंचरले, नखं कापली, मग समोर बसून म्हणाली, "आई, मी नीट विचारते हां. माझ्याकडे ओसाकाला येशील?"

मिसाओने बोट वर केलं. ताठ.

"हे काय? एक म्हणजे काय, बाबा?"

"एक म्हणजे हो," मी म्हणालो. "अगदी मनापासून हो."

माहोचे डोळे भरून आले. "मला वाटलं होतं, ती देऊळ सोडायला तयारच होणार नाही." मिसाओ बोट खाली घेईना. दमेल म्हणून शेवटी मीच ते हातात धरून हळूच खाली घेतलं.

घरी येऊन मुळ्याचं लोणचं आणि भात खाल्ला. वाईट वाटलं. वहीत काय लपवायचं, फार वाईट वाटलं. पण तिला मुलीजवळ राहावंसं वाटलं तर त्यात गैर काय आहे? परीक्षा मात्र द्यायचीच. नाव नोंदवून झालं आहे. लायसन्स असलं तर ओसाकाला भेटायला तरी जाता येईल. रस्ता मोठा आहे, पण डोळे उघडे ठेवून जाईन.

१३ जून, गुरुवार

नापास. एक्क्याऐंशी.

निकाल भिंतीवरच्या बोर्डावर लागतो. पास झालेल्यांचे नंबर उजळतात. माझा काळाच राहिला. मला वाटलं दिवा गेला असेल, म्हणून खिडकीवरच्या बाईंना जाऊन सांगितलं. त्या उठून उभ्या राहिल्या, कमरेत वाकल्या आणि फार अदबीने म्हणाल्या, "दिवा ठीक आहे, आजोबा."

घरी आल्यावर आठवतील तेवढी वाक्यं पुस्तकाशी ताडून पाहिली. एक गोष्ट विचित्र आहे. चुकलेल्या जागी बहुतेक सगळीकडे मी गोल केलाय आणि उत्तर फुली आहे. आणि त्यातली बहुतेक वाक्यं मिसाओने बोट वर केलेली.

बराच विचार केला. मिसाओ आमच्या रस्त्यापुरतं उत्तर देत असणार. आता हेच बघा, रेल्वेचं फाटक उघडे असल्यास न थांबता जाता येते, यालाही तिने बोट वर केलं होतं. पुस्तक म्हणतं, थांबा, डावीकडे बघा, उजवीकडे बघा. पण शहराकडे जाताना घाट उतरल्यावर लागणाऱ्या आमच्या फाटकावरून शेवटची गाडी गेली त्याला किती वर्षं झाली. रुळांत बांबू उगवलेत. तिथे थांबून कोणाला बघायचं? पुस्तक शहरातल्या लोकांनी लिहिलेलं दिसतं.

१८ जून, मंगळवार

मिसाओला निकाल सांगितला. तिने डाव्या हाताने पांघरुणावर चापट मारली. एकदा नाही, तीनदा. माझ्यावर चिडली आहे, आणि चिडणारच. मी म्हणालो, "पुन्हा देतो ना. रागावू नकोस." मग हॉर्नचं वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. पुन्हा बोट वर. फाटकाचं वाचलं. बोट वर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पुस्तक मिटलं आणि तिला गार बार्लीचा चहा पाजला.

येताना गाडीत उशिओने विचारलं, "गुरुजी, तुम्ही अभ्यास करताना पुस्तकाचं ऐकता की वहिनींचं?"

"दोघांचं."

"आणि दोघांचं पटलं नाही तर?"

"तर मिसाओचं. हे काय विचारणं झालं?"

"झालं मग," तो म्हणाला. "माझा टोफू जन्मभर शहरात जात राहणार."

हॉटेलवाल्याने आजही माल परत केला होता. मी म्हटलं, अशा गिऱ्हाइकाला सोडून दे बाबा. तर म्हणाला, "गिऱ्हाईक सोडून चालत नाही, गुरुजी."

२६ जून, बुधवार

एकोणनव्वद. एका मार्काने गेलो.

या वेळी मी शहाण्यासारखा पुस्तक पाठ करून गेलो होतो. फाटकाला फुली मारली. रात्री रस्ता मोकळा असल्यास वेग वाढवता येतो, त्याला फुली मारली. मग हॉर्नचं वाक्य आलं. उत्तर फुली आहे हे मला ठाऊक होतं. पेन्सिल फुलीवर टेकवलीसुद्धा. पण मिसाओ दोन वेळा बोट वर करून बसली होती, पाणी भरलेल्या डोळ्यांनी. मला तिच्याविरुद्ध खूण करवेना. गोल केला.

मूर्खपणा आहे, कळतं. माहोला फोन करून "थोडक्यात गेलं" एवढंच सांगितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, जाऊ दे ना. आईनेही हो म्हटलंय. तुम्ही उगाच जिवाला त्रास करून घेताय."

२८ जून, शुक्रवार

आज आम्ही अभ्यास करत होतो आणि नोत्सुबाई आत आल्या. पोरगेल्या आहेत, माहोहूनही लहान. दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. वळणावर पुढच्या गाडीला मागे टाकता येते, मी वाचलं. मिसाओने बोट वर केलं. मी म्हणालो, "गोल."

"किरिहारा-सान," बाई म्हणाल्या, "पाट्या कुठायत?"

"कपाटात. आम्हाला पाट्या लागत नाहीत. आमचं हातांनी चांगलं चालतं."

"हे बोट म्हणजे काय?"

मी त्यांना गुरूंची गोष्ट समजावून सांगितली. त्या ऐकत होत्या. मग माझ्यासमोर येऊन त्यांनी आपली डावी तर्जनी वर केली, अगदी मिसाओसारखी, आणि उजवा हात मांडीवर मेल्यासारखा टाकला. "आता तुम्ही मला सांगा," म्हणाल्या, "मी फुली कशी करू?"

फुलीला दोन बोटं लागतात. एक उभं करून ती दुसऱ्याची वाट बघत होती, आणि दुसरं येत नव्हतं.

बाईंनी कपाटातून पाट्या काढून पलंगावर ठेवल्या. हॉर्नचं वाक्य वाचा म्हणाल्या. मी वाचलं.  मिसाओने फुलीच्या पाटीवर बोट आपटलं, दोनदा. मग माझ्याकडे बघितलं आणि हसली. अर्धंच तोंड हसतं तिचं अजून. मी मात्र रडलो. बाईंसमोर, भर दिवसा.

३० जून, रविवार

ओसाकाचं विचारलं तेव्हाही एकच बोट होतं. आणि ते मी धरून खाली घेतलं होतं.

माहोला फोन लावला आणि हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. काय सांगणार? ते बोट म्हणजे अर्धी फुली होती, असं मी म्हणायचं, आणि मला तेच हवं आहे हे तिलाही ठाऊक. गुरूंची गोष्ट मला सुचली तीसुद्धा माझ्या सोयीने सुचली होती. आता पुन्हा तिच्या वतीने मी बोलायचं नाही. पुढच्या रविवारी डॉक्टरांबरोबर बैठक आहे. माहोही येईल. तिथे सगळ्यांसमोर विचारू दे. मिसाओने खरंच ओसाका म्हटलं, तर मी तिची बॅग भरून देईन. हे लिहिलंय खरं, पण दोनदा खोडून लिहिलंय.

७ जुलै, रविवार

सगळं नीट लिहून ठेवतो.

टेबलाच्या एका बाजूला डॉक्टर आणि नोत्सुबाई, दुसऱ्या बाजूला आम्ही तिघं. बोटाचं काय झालं ते बाईंनी माहोला सांगितलं. माहोने माझ्याकडे असं बघितलं की मी टेबलाखाली जायचाच बाकी राहिलो. "बाबा! एक म्हणजे हो?" पण ती ओरडली नाही. आईकडे वळून तिने पुन्हा विचारलं, "आई, माझ्याकडे ओसाकाला येतेस?"

बाईंनी पाट्या पुढे सरकवल्या. मिसाओने डाव्या हाताने त्या बाजूला सारल्या. तर्जनी वर केली. मग मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघू लागली. आम्ही सगळेच त्या हाताकडे बघू लागलो. तो हलला. थोडा उचलला गेला आणि टेबलाच्या काठाला अडला. पुन्हा उचलला, पुन्हा अडला. माझे हात शिवशिवत होते. मी ते मांडीखाली दाबून बसलो, कारण मी मदत केली असती तर ती फुली माझी झाली असती.

तेव्हा माहो उठली. तिने आईचं उजवं मनगट खालून धरलं आणि वर उचललं. "सांग आई," ती म्हणाली, "कुठे ठेवू? तू ने, मी नुसती धरते." तो हात हळूहळू पुढे गेला आणि वाकलेलं बोट उभ्या बोटावर आडवं टेकलं.

फुली.

माहो तो हात तसाच धरून उभी होती. नाकाने सूं-सूं करत म्हणाली, "बरं. बरं. ओसाका फुली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता तुम्ही पास व्हा, बाबा. मी आश्रमाची जागा अजून सोडत नाहीये. जुलैअखेरपर्यंतच. आई घाटात चालत येणार नाही."

१२ जुलै, शुक्रवार

अभ्यास जोरात. मिसाओ आता पाट्यांना हात लावत नाही. माझं वाक्य संपलं की बोट वर करते आणि उजव्याला बोलावते. ते येईपर्यंत पुष्कळ वेळ जातो. त्या वेळात मला वाक्य पुन्हा मनात घोळवावं लागतं. परीक्षेत मी घाई करतो असं मास्तर म्हणत होतेच. आता घाई करायची सोयच नाही.

आज एका वाक्याला मी आधीच गोल म्हणून मोकळा झालो, आणि तिची फुली मागाहून आली. तिने ती माझ्या नाकासमोर धरली.

१८ जुलै, गुरुवार

पास! ब्याण्णव!

प्रत्येक वाक्याला पेन्सिल खाली ठेवत होतो आणि फुली यायला लागतो तेवढा वेळ थांबत होतो. शेजारची मुलं लिहून बाहेर गेली तरी मी आपला बसून. नंबर उजळला तेव्हा त्या खिडकीवरच्या बाईंनी आतूनच मला गोल करून दाखवला.

लायसन्सवरचा फोटो चोरासारखा आला आहे. उशिओला दाखवला. त्याने पाहिला, परत दिला आणि म्हणाला, "चला, त्या हॉटेलवाल्याची कटकट गेली." म्हटलं, अरे, त्याला टोफू नको झाला का? "बंद झालं ते हॉटेल," म्हणाला. कधी बंद झालं ते विचारलं तर गाडीखाली वाकून चाक तपासत बसला. बिचाऱ्याचं नुकसानच झालं असणार. उद्या त्याच्याकडून जरा जास्त टोफू घेईन.

२७ जुलै, शनिवार

मिसाओला घरी आणलं. मी आणलं.

नवशिक्या ड्रायव्हरचं हिरवं-पिवळं, पानाच्या आकाराचं स्टिकर गाडीला पुढे-मागे चिकटवलं. मिसाओ माझ्या शेजारी, माहो मागे बॅगा घेऊन. माहो म्हणाली होती, मी चालवते. मिसाओने फुली केली. आता तिला फुली करायची चटकच लागली आहे.

शहरातून बाहेर पडेपर्यंत मला घाम फुटला होता. माहो मागून, "बाबा, श्वास घ्या." रेल्वेच्या फाटकाशी थांबलो. काच खाली केली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. बांबू हलत होते. माहो हसायला लागली, पण मिसाओने गोल केला.

मग घाट लागला. पाच-सहा वळणं गेली असतील आणि शेजारी काही हालचाल जाणवेना. माहो हळूच म्हणाली, "बाबा, आई झोपली."

एकदाच बघितलं. मान खिडकीकडे कललेली, तोंड जरा उघडं. इतकी वर्षं मी याच गाडीत तिच्या शेजारी बसलो, पण मिसाओला गाडीत झोपलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्यांदा बघितलं नाही, रस्त्यावरची नजर हलवायची नसते.

देवळाच्या फाटकाशी गावातली पाचसहा माणसं उभी होती. कोणी फुलं घेऊन, उशिओ टोफूचं पातेलं घेऊन. मी वेग कमी केला. मग वाटलं, थांबलो की ती जागी होईल. दारं उघडतील, सगळे वहिनी वहिनी करतील. मी तसाच पुढे गेलो.

"बाबा, देऊळ मागे राहिलं."

"माहीत आहे."

"थांबवा ना मग."

"ती झोपलीय."

 आरशात पाहिलं, तर माहोने डोळ्यांवर हात घेतला होता. तिच्या मागच्या काचेत उशिओची गाडी दिसत होती. मला ब्रेक सापडत नाहीये असं त्याला वाटलं असावं, आमच्या मागे सुसाट निघाला होता, खिडकीतून हात हलवत. मी हात दाखवू शकलो नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

धरणाशी रस्ता संपतो. तिथे वळलो आणि येताना आणखी हळू आलो.